कुंपणाबाहेरचा बाक

मित्रांनो, तुमच्यापुढे बोलायला उभा आहे तो बागेतला एक जुना बाक. उभा म्हणजे चार पायांवर. बसता मला येत नाही, ते काम तुमचं. आमच्या बागेच्या मधोमध एक उघडं नाट्यगृह आहे. तिथे दर उन्हाळ्यात महिनाभर, ऊन उतरलं की, एक नवंकोरं संगीत नाटक होतं. इथल्याच माणसांनी लिहिलेलं, इथेच चाली लावलेलं. आदल्या वर्षीचं पुन्हा करायचं नाही, असा शिरस्ता आहे. अशी एकतीस नाटकं मी ऐकली. पाहिलं मात्र एकही नाही, कारण माझी जागा कुंपणाच्या बाहेर, झुडपांच्या मागे आहे.

मला बागेच्या सुतारानं बनवलं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. नाट्यगृहाचा रंगमंच त्यांनीच बांधला आणि उरलेल्या फळ्यांतून मी झालो. म्हणजे रंगमंच आणि मी सख्खी भावंडं. एक कलाकार झाला, दुसरा बसायला ठेवला. असं बऱ्याच घरांत होतं. मला पॉलिशकागद मारला तो मिस्त्रींच्या सात वर्षांच्या मुलीनं. कागद मारता मारता ती काहीतरी गुणगुणत होती आणि कागद त्याच ठेक्यात फिरत होता. त्यामुळे माझा डावा हात उजव्यापेक्षा जरा जास्त गुळगुळीत आहे. घरात ती दोघंच. आई तिच्या लहानपणीच गेलेली.

माझे कामाचे दिवस चांगले गेले. तान्हं मूल रडायला लागलं की आया आतून उठून माझ्याकडे येत. उशिरा आलेले लोक पहिला अंक माझ्यावरच उरकत आणि दुसऱ्या दिवशी नाटकावर मत देत. एका वर्षीचा खलनायक रोज प्रवेशाआधी माझ्यावर बसून आईला फोन करायचा. “हो, जेवलो. हो, पाणीही पितोय,” असं म्हणायचा आणि आत जाऊन राजपुत्राला विष द्यायचा.

मिस्त्रींची मुलगी मोठी झाली, सरकारी कचेरीत चिकटली आणि संध्याकाळी नाटकांना चाली लावू लागली. मग एक दिवस तिनं नोकरी सोडली. ती बातमी तिनं वडिलांना माझ्यावर बसूनच दिली.

मिस्त्रींनी माझ्या फळीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “लाकूड चुकलं तर जळण तरी होतं. गाणं चुकलं तर काय करणार?”

“दुसरं करीन.”

“आणि तेही चुकलं तर?”

“बाबा, तुमच्या किती खुर्च्या डुगडुगल्या, मी कधी मोजल्या का?”

हे बोलणं गमतीनं सुरू झालं होतं, पण गमतीत राहिलं नाही. शेवटी मिस्त्री उठले. “तुझ्या त्या नाटकाच्या कुंपणाच्या आत मी पाऊल टाकणार नाही.”

“नका टाकू. मीही घरी बोलवायला येणार नाही.”

दोघांचा स्वभाव एकाच फळीतून कापलेला. ती बागेजवळ खोली घेऊन राहू लागली. मिस्त्रींनी शब्द पाळला, अगदी सुताराच्या मापानं पाळला. त्या उन्हाळ्यात नाटक सुरू झालं आणि पहिल्याच संध्याकाळी ते माझ्यावर येऊन बसले. कुंपण समोर होतं, पाऊल बाहेर होतं, शब्द शाबूत होता.

माळ्यानं विचारलं, “काय मिस्त्री, नाटकाला?”

“हवेला आलोय.”

“हवा तर तिकडे तळ्याकाठी जास्त असते.”

“तू झाडांना पाणी घाल.”

असे आठ उन्हाळे मिस्त्री हवेला आले. एकही संध्याकाळ चुकवली नाही. अंगठ्यानं माझ्या फळीवर ठेका धरायचे. नाटक संपल्यावर माळ्याला सुनावायचे, “दुसऱ्या अंकातलं गाणं लांबलंय. पण चालीला रंधा नीट मारलाय पोरीनं.” माळ्याचं संगीताशी भांडण नव्हतं, ओळखच नव्हती. तो मान हलवायचा.

मुलीला हे ठाऊक होतं. रंगमंच उंचावर आहे, तिथून झुडपांवरून बसलेल्या माणसाचं डोकं दिसतं. पहिल्याच वर्षी तिनं एक कर्णा माझ्या दिशेला वळवून घेतला. कर्णेवाला म्हणाला, “ताई, तिकडे नुसती झुडपं आहेत.” ती म्हणाली, “झुडपांनाही ऐकू दे.” हे मला कर्णेवाल्याकडूनच कळलं. विडी ओढायला तो माझ्यावर येतो आणि सगळं बोलून टाकतो.

नवव्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. पाण्याची गाडी माझ्यासमोरच्या वाटेवर मिस्त्रींच्या अगदी मागे येऊन भोंगा वाजवत होती आणि मिस्त्री जागचे हलेनात. माळी धावत आला आणि त्यांच्या तोंडासमोर उभा राहिला.

“मिस्त्री, ऐकू येत नाही का?”

ओठांवरून प्रश्न कळला असावा. “येतं. कमी येतं.” मग म्हणाले, “करवतीच्या यंत्राजवळ चाळीस वर्षं काढली. कानांनी एवढी साथ दिली हेच पुष्कळ.”

“ताईंना सांगतो मी.”

“अजिबात नाही. शपथ आहे तुला. कळलं तर कीव येऊन येईल धावत. मला तशी नको आहे. मनानं यायची तेव्हा येईल.”

माळ्यानं शपथ पाळली. आमच्या बागेत शब्द पाळणाऱ्यांची कधीच वाण नव्हती.

दहाव्या उन्हाळ्यात मिस्त्रींना काहीच ऐकू येत नव्हतं. तरी ते आले. आल्यावर त्यांनी दोन्ही तळवे माझ्या फळीवर पालथे टेकले आणि डोळे मिटले. मोठ्या ढोलाचा दणका जमिनीतून माझ्या पायांत येतो, पायांतून फळीत, हे त्यांना सुतार म्हणून माहीत होतं. मित्रांनो, इतकी वर्षं लोक माझ्यावर बसले, पण कुणी मला ऐकलं नव्हतं. मी जीव लावून वाजलो. दणका आला की तो तसाच त्यांच्या हातांत द्यायचा, वाटेत सांडू द्यायचा नाही, एवढंच काम मला होतं. ढोल थांबला, फळी शांत झाली, की मिस्त्री समजायचे नाटक संपलं. ते उठायचे, कपडे झटकायचे आणि घरी जायचे.

त्याच उन्हाळ्यात मुलीनं माघार घ्यायचं ठरवलं. पण घरी जायचं नाही, हा शब्द होता. म्हणून तिनं गाणं लिहिलं. नाटकाच्या अगदी शेवटी ठेवलं आणि एरवी कधीही रंगमंचावर न येणारी ती स्वतः गायला उभी राहिली. साथीला फक्त बासरी. मोठ्यानं वाजवून असलं काही सांगता येत नाही, असं तिला वाटलं असावं.

आत या बाबा, दार लोटलेलं नाही,
तुमच्या हातची खुर्ची रिकामी आहे,
चुकलं असेल माझं, मोजून दाखवा,
पण आत या.

कर्णा थेट माझ्याकडे होता. शब्द न् शब्द येत होता. आणि बासरी जमिनीतून येत नाही. माझ्या फळीत काहीही नव्हतं. मी कितीही ओढून धरलं तरी नव्हतं. मिस्त्रींनी क्षणभर वाट पाहिली, तळवे उचलले आणि ते उठले. दुसऱ्या ओळीला कपडे झटकले. तिसऱ्या ओळीला त्यांचं डोकं झुडपांमागून दूर निघालं होतं.

तिचा सूर हलला नाही. तेवढी ती मिस्त्रींची मुलगी होती.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्याही दिवशी तेच. कर्णेवाला माझ्यावर बसून बासरीवाल्याला म्हणाला, “म्हातारा बरोब्बर त्या गाण्याला उठतो. एवढा राग?” माळी त्या वेळी बागेच्या दुसऱ्या टोकाला कारंजी बंद करत असायचा. ज्याला कळलं असतं तो तिथे नव्हता आणि जो तिथे होता तो बाक होता.

शेवटच्या संध्याकाळी तिनं ते गाणं काढून टाकलं. त्या जागी सगळ्यांनी मिळून म्हणायचं एक दणदणीत गाणं घातलं, ढोलासकट. त्या दिवशी मिस्त्री शेवटपर्यंत बसले. निघताना माझ्या फळीवर दोन थापही मारल्या, शाबासकीच्या.

कर्णेवाला सांगत होता, ती पडद्याआडून बघत होती. म्हणाली, “बघितलंस? तेवढं गाणंच नको होतं त्यांना.” आणि कर्णा दुसरीकडे वळवायला लावला.

थंडीत मिस्त्री गेले. झोपेतच गेले.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर ती आली आणि माझ्यावर बसली. नोकरीच्या भांडणानंतर पहिल्यांदाच. माळी झारी खाली ठेवून जवळ आला.

“ताई, एक सांगायचं राहिलंय. शपथ होती, पण आता घालणाराच नाही. मिस्त्रींना शेवटच्या वर्षी काही ऐकू येत नव्हतं.”

“काही म्हणजे?”

“काहीच. ढोल तेवढा हाताला लागायचा. या फळीतून.”

तिनं फळीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, “माझ्या गाण्यात ढोल नव्हता.”

“कुठल्या?”

“होतं एक.”

माळी जमिनीकडे बघत म्हणाला, “मी सांगायला हवं होतं.”

“मी विचारायला हवं होतं, काका. रोज दिसत होते मला.”

ती रडली की नाही ते मला माहीत नाही. तिनं तळवा माझ्या फळीवर ठेवला होता. त्या वेळी कुणी काही वाजवत नव्हतं आणि माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं.

मित्रांनो, बाकानं शेवटी काहीतरी मागायचं असतं. रंग द्या, नावं कोरू नका, वगैरे. रंग दिलात तर मी नाही म्हणणार नाही. नावं कोरलीत तरी आता फारसं दुखत नाही. मागणं वेगळंच आहे. तुमचं कुणी कुंपणाबाहेर बसलेलं असेल तर गाणी लिहू नका, कर्णे वळवू नका, ते का उठून गेलं याचा तर्क लढवत बसू नका. बाहेर या आणि शेजारी बसा. मी तिघांना पुरेल एवढा लांब आहे. दहा उन्हाळे माझ्यावर एक माणूस एकटाच बसत होता.