पदरावरचा राघू

मी राघू बोलतोय. पेरू मागणारा नव्हे. चांदीचा, हिरव्या मिन्याचा, साडीच्या पदराला लावायचा. हैदराबादच्या एका संग्रहालयातल्या जुन्या चित्रात आंब्याच्या फांदीवर एक राघू बसलाय, त्याची मी नक्कल. देशाचा बाजार खुला झाला, परदेशी पाहुणे वाढले, तेव्हा संग्रहालयानं चित्रांवरून असे दागिने घडवून विकायला काढले. कारागिरानं चांदीत खाचा कोरल्या, रंगाची पूड भरली आणि मला भट्टीत घातलं. पोळलो खरा, पण रंग असा चढला की माझा मलाच गर्व वाटला.

चिक्कडपल्लीच्या प्रमिलाबाई मला विकत घेऊन तडक मूळ चित्रासमोर उभ्या राहिल्या. शाळेत इतिहास शिकवलेला ना! चोच, पंख, सगळं ताडून पाहिलं आणि मगच पदराला लावलं. कमळाच्या कुड्या, हरणांची साखळी, मोराच्या बांगड्या, सगळ्यांची अशीच परीक्षा झालेली. घरी आम्ही बिस्किटांच्या डब्यात कापसावर राहायचो. सून मेघना प्रेमळ, पण तिला आमच्यात नुसती चांदी दिसायची.

मेघनाला मुलगी झाली. बारशाला आजीच्या चांदीचे वाळे घालायचे, ही घरची रीत. बाई तेव्हा आजारी बहिणीकडे मलकपेठला गेलेल्या, मी अर्थात त्यांच्या खांद्यावर. परतलो तर मेघनानं हौसेनं बाळाचे पाय पुढे केले.

"आई, तुमच्याच डब्यातल्या चांदीचे केले. सोनाराला घरीच बोलावलं. रंगाला वजन नै म्हणाला, ठोकून काढला. चांदी एकदम असली निघाली."

बाईंनी वाळ्यांवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"चांगले झाले गं. आणि तो रंग?"

"झाडून टाकला की."

बोलता बोलता मेघनानं सासूचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. ती ढसाढसा रडली. बाईंनीच तिला जवळ घेतलं. माझा जीव मात्र तुटत होता. माझं गणगोत केरात गेलं होतं.

त्यानंतर मी खांद्यावर दिसलो की मेघनाची नजर खाली जायची. सकाळी चहा देतानासुद्धा ती बाजूला बघायची. शेवटी बाईंनी मला काढलं. "पोरीला त्रास होतो रे," एवढंच म्हणाल्या आणि झाकण लावलं.

आता अख्ख्या डब्यात मी एकटा. चांदी काळवंडत चाललीय. मेघना, माझा तुझ्यावर राग नाही गं. पण बाई आता आपल्या हातानं मला कधीच लावणार नाहीत. एकदा तूच डबा उघड, आणि मला त्यांच्या पदराला लाव.