मागे ठेवलेला कंद

चोर परका असता तर चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते.

आमच्या गावात स्नोड्रॉपचं वेड जरा जास्तच. फेब्रुवारीच्या थंडीत कंदातून मान खाली घालून उगवणारं एवढंसं पांढरं फूल, पण कुणाकडे वेगळ्या जातीचं असलं की बाकीच्यांचे डोळे तिकडेच. चोऱ्याही होतात. म्हणून वाफ्यात नावाची पट्टी लावायची नाही, नकाशा काढून ठेवायचा. माझा नकाशा चहाच्या डब्यात असतो. हे फक्त डिलिसला माहीत होतं. डिलिस माझी शेजारीण, तीस वर्षांची मैत्रीण. कंदांचं सगळं मीच तिला शिकवलं. पानं हिरवी असतानाच हलवायचे, मुळं सुकू द्यायची नाहीत, आणि कुठूनही काढले तरी एक तिथंच परत लावायचा.

माझ्याकडचं एक फूल तर मी बियांपासून वाढवलेलं. पहिलं फूल यायलाच पाच वर्षं लागली. पाकळ्यांची टोकं हिरवीगार, कुणाकडेच नाही असं. आणखी आठ वर्षांत नऊ कंद झाले. एक कुंडीत काढून ठेवला, आठ अक्रोडाच्या झाडाखाली. यंदा प्रदर्शनात मांडून त्याला नाव द्यायचं होतं. नाव ठरलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं.

जानेवारीत खुब्याचं ऑपरेशन झालं, मग बहिणीकडे विश्रांती; ती कुंडी तेवढी बरोबर नेली. तीन आठवडे घर, मांजर, बाग सगळं डिलिसच्या भरवशावर. परत आले ती काठी टेकत थेट अक्रोडाखाली गेले. माती हाताने सारखी केलेली, वर पालापाचोळ्याचं खत. आणि मधोमध एकच रोप, नीट लावलेलं.

परका चोर कशाला एवढी निगा राखेल? कुणी नेले ते मला तिथंच कळलं.

दुपारी डिलिस लिंबाचा केक घेऊन आली.

"काय गं एनिड, तोंड का उतरलंय? दुखतंय का?"

"अक्रोडाखालचे कंद गेले. सगळेच्या सगळे."

"अगं बाई! मेल्यांना लाज कशी नाही! पोलिसांत सांग आधी." केक कापता कापता ती म्हणाली, "पण सगळे कसे जातील? नीट बघ, मधे एखादा राहिला असेल."

"मधे?"

तिची सुरी थांबली. तिने ती खाली ठेवली.

"दरवर्षी तुझ्या टेबलापुढे गर्दी," ती म्हणाली. "आणि मी आपली तुझ्या टोपल्या उचलणारी. एकदा तरी मी काहीतरी मांडावं, असं वाटलं."

"मागायचेस ना! दिले असते."

"दिले असतेस गं. आणि गावभर सांगितलंही असतंस, डिलिसला मीच दिले म्हणून."

ते खरं होतं. मी सांगितलंच असतं. पण म्हणून माझी तेरा वर्षं उपटून न्यायची?

मी उठले. मागच्या खिडकीतली कुंडी आणून केकशेजारी ठेवली. कळी नुकतीच उमलत होती. प्रदर्शनासाठी खोचलेल्या पट्टीवर माझ्या अक्षरात फुलाचं नाव होतं, 'डिलिस'.

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. तिचा हात पुढे आला, पण तेवढ्यात मी पट्टी उपटली आणि शेगडीत टाकली.

"केक घेऊन जा," मी म्हणाले.