मंडळाच्या मेलचं कुलूप

गोंदियाजवळच्या मुर्रीच्या दुर्गाप्रसादांना नेमकं कोणावर चिडावं, हेच कळेना. समाजाच्या वधू-वर मंडळाचे ते सचिव. मंडळाचा कॉम्प्युटर त्यांच्याच बैठकीत, आणि त्यावर येणारे बायोडाटा, फोटो, होकार-नकार सांभाळणं त्यांच्याकडे. आणि आता त्यांच्याच पुतणीचं, रुचीचं, तिरोड्याला जुळत आलेलं लग्न मंडळाच्याच ईमेलवरून मोडलं होतं. 'मुलीचा नकार आहे' असं कोणीतरी मुलाकडच्यांना परस्पर लिहून टाकलं होतं.

मुलाचे वडील फोनवर म्हणाले, "तुमचा हा मेल म्हणजे धर्मशाळा झाली. कुलूप असलेला मेल घ्या अन् त्याच्यावरून लिहून पाठवा. रविवारपर्यंत वाट पाहतो."

लिहिणारा शोधायचा तरी कसा? पासवर्ड अख्ख्या समाजाला पाठ होता. मंडळाचा कारभार उघडा असावा म्हणून तो सूचक-अनुमोदकासह सभेत मंजूर झाला होता, आणि संमेलनाच्या पत्रिकेवर मंडळाच्या पत्त्याखाली छापलाही होता.

दुर्गाप्रसाद गोंदियाला टिकेशच्या सायबर कॅफेत गेले. टिकेशने दोन प्रोग्राम दाखवले. एक जुन्यासारखाच सोपा. दुसरा खट्याळ. पासवर्ड टाकला की तो मोबाइलवर एक नंबर पाठवायचा, आणि तो नंबर टाकल्याशिवाय उघडायचाच नाही.

"काका, हाच घ्या," टिकेश म्हणाला. "पण मोबाइल भरोसे के आदमी का पाहिजे."

पहिला मान अध्यक्षांचा. केवलरामांचा मोबाइल जोडला गेला. दुसऱ्या दिवशी दुर्गाप्रसादांनी मेल उघडायला घेतला आणि नंबर विचारायला फोन लावला. केवलराम कोहमाऱ्याच्या ढाब्यावर बसले होते.

"आला, भाऊ, नंबर आला! सकाळीही आले होते. ज्यायनं विचारलं त्यायले सांगतले."

"कोणं विचारलं?"

"नाव नाही विचारलं. आपल्याच समाजाचे होते. नाही कसा म्हणू?"

"पण त्यायले नवा पासवर्ड कोणं सांगतला?"

"कोणं म्हणजे? मीनंच सभेत वाचला. ठरावाशिवाय पासवर्ड चालते काय?"

दुर्गाप्रसादांनी आलेला नंबर लिहून घेतला आणि फोन ठेवला. कुलूप घेतलं आणि किल्ली वेशीवर टांगली! शनिवार उजाडला होता. त्यांनी कोणालाही न विचारता पासवर्ड बदलला. मोबाइल मात्र दुसरा हवा होता. स्वतःच्या फोनमधला मेसेज उघडायला ते कधी शिकलेच नव्हते.

"मोठेबाबा, माझा टाका," मागून रुची म्हणाली.

टाकला. मेल उघडायची वेळ आली, तसा तिचा फोन वाजला. तिने तो ओढणीत धरून ठेवला.

"सांग ना वं नंबर."

"आधी सांगा, काय लिहून राहिले?"

"काय लिहून राहिलो? होकार! तुह्यासाठीच तं हा सारा उपद्‌व्याप करून राहिलो."

"मग नाही सांगत." रुची भिंतीकडे पाहत होती. "तो नकार मीनंच लिहिला होता."

दुर्गाप्रसाद खुर्चीत मागे टेकले. राग यायला हवा होता, पण आठवडाभर चिडून चिडून तो पार संपला होता.

"मग काऊन नाही बोलली? टिकेशकडे चकरा मारल्या, केवलरामशी भांडलो, सगळ्या समाजावर शक घेतला!"

"आईले सांगतलं, बाबाले सांगतलं. तो मुलगा म्हणते, लग्न झाल्यावर बी.एड. सोडून दे. आई म्हणे, होईल सारं नीट. तुमी तं बायोडाटा पाठवून झाल्यावर मले दाखवला." ती आता त्यांच्याकडे वळली. "पासवर्ड सगळ्यायले विचारून ठरवला, मोठेबाबा. मले कोणं काही विचारलं काय?"

दुर्गाप्रसाद पडद्याकडे वळले. मग नाकावरून घसरलेला चष्मा वर सरकवत म्हणाले, "सांग नंबर."

"होकार लिहान?"

"नकारच लिहितो, माय. पण या खेपेले खाली माझं नाव राहील. तुह्या बापाले मी पाहतो."

ती एकेक आकडा सांगू लागली. दुर्गाप्रसाद एका बोटाने एकेक आकडा शोधत होते. शेवटचा दाबला, तर पडद्यावर लाल अक्षरं आली.

"आता काय झालं याले?"

"वेळ संपला. दुसरा नंबर येईल."

दुर्गाप्रसादांनी कपाळावर हात मारून घेतला.

"येऊ दे," ते म्हणाले.