आबांनी माझे दात बघितले

मी एक जुना प्रोसेसर आहे. संगणकाच्या पोटात बसून सगळी डोकेफोड करतो ना, तो. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही माझी कहाणी ऐकायला बसलात, की खेळांसाठी कुठला प्रोसेसर घ्यावा हे फुकटात कळतंय का ते बघायला, कोण जाणे!

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली, नुसते डोळे उघडे. धूळ लागू नये म्हणून, असं म्हणायचे. असेल बाबा! मग आम्हा भावंडांची परीक्षा झाली आणि मला मधल्या गटात टाकलं. मी सहा कोअरचा, म्हणजे सहा हातांनी काम उरकणारा. थोरल्याला आठ हात, धाकट्याला चार. मलाच मधला का केलं, ते कुणी सांगितलं नाही.

बारामतीच्या इंद्रजितनं मला मोठ्या हौसेनं घरी नेलं. मोटारींच्या शर्यती म्हणा, लढाया म्हणा, मी कधी अडखळलो नाही. “एक नंबर हाय ह्यो!” असं तो मित्रांना सांगायचा. मला तेव्हाच शंका आली. तोंडावर एवढं गोड बोलणारा माणूस पाठ फिरवायला वेळ लावत नाही. आणि झालंही तसंच. नवा प्रोसेसर निघाला तशी इंद्रजितनं मला उपटलं आणि मोबाईलच्या रिकाम्या खोक्यात टाकून टीव्हीमागं सारलं. ऊस तुटला, कारखान्याचं गाळप संपलं, परत सुरूही झालं, पण माझी आठवण कुणाला आली नाही. फार वाईट वाटायचं हो. शेवटी त्यानं मला इंदापूरच्या विशालच्या दुकानात देऊन टाकलं.

विशाल जुन्या संगणकांचे भाग तपासून विकायचा. मी तापू नये म्हणून माझ्या पाठीला मलम लावतात, ते वाळलेलं मलम पुसून त्यानं मला लख्ख केलं. मी मनात म्हटलं, झालं! बाजाराला न्यायच्या बैलाची शिंगं रंगवतात, तशातला प्रकार दिसतोय.

एका गुरुवारी निरवांगीची मनिषा दुकानात आली. सोबत तिचे आजोबा, म्हस्कूआबा. आबांनी उभा जन्म मेंढरं राखली होती. आता कळप राहिला नव्हता, पण नजर तीच होती. मनिषाच्या कॉलेजातल्या मुलींचा संगणकावर लढाई खेळणारा संघ होता. पुण्याच्या स्पर्धेसाठी एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी शनिवारी मनिषाची चाचणी होती, घरून, स्वतःच्या संगणकावर. तिनं बाकी सगळं जमवून जोडून ठेवलं होतं. फक्त प्रोसेसर नव्हता.

विशालनं आधी माझा थोरला भाऊ पुढं केला. “हा घे, आठ कोअरचा. डोळे झाकून घे.”

“नको,” मनिषा म्हणाली. “निम्मं पैसं ग्राफिक्स कार्डालाच गेल्यात. खेळातली चित्रं ते काढतंय. कार्ड चांगलं घेतलंय, आता त्याच्या जोडीनं चालणारा मधला प्रोसेसर पायजे. सहा कोअरचा बास झाला.”

“बरं, मग हा घे,” म्हणत विशालनं मला उचललं.

आबांनी डोळे बारीक केले. “लवकर मानलं की ह्यानं. म्हंजी ह्यो मधलाच ह्याला खपवायचा व्हता.”

“आबा, चालवून दाखवतो की!” विशाल म्हणाला. त्यानं मला दुकानातल्या संगणकात बसवलं आणि एक खेळ लावला. मी झकास पळालो. मनिषाचा चेहरा फुलला. आबांचा मात्र नाही. खरं सांगू? तो म्हातारा मला माझ्याच जातीचा वाटला.

विशालनं मला बाहेर काढलं आणि पिशवी शोधायला आत गेला. मनिषा बाहेर मैत्रिणीला फोन करत होती. आबांनी मला उचलून उलटं केलं. माझ्या पोटाला सोनेरी काड्यांच्या रांगा आहेत. केसासारख्या नाजूक. त्यांच्यावाटेच मला वीज मिळते.

“आगं बया, दात हायती की ह्याला!” आबा पुटपुटले.

जुनं जनावर घेताना तोंड उघडून दात बघायचे, हलतात का ते अंगठ्यानं चाचपायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी आपला राठ अंगठा माझ्या रांगांवरून दाबून फिरवला. कोपऱ्यातल्या दोन काड्या आडव्या झाल्या. मी कळवळलो, पण मला तोंड कुठं आहे?

“समदं दात जाग्याव हायती,” मनिषा आत आल्यावर आबा खुशीत म्हणाले. “तरणा हाय. घे बिनघोर.”

घरी मनिषानं मला हळुवार बसवलं आणि बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळा तो काळाच. तिनं मला काढून पुन्हा बसवलं. तरी काही नाही. शुक्रवारी संघाच्या कप्तान श्रेयाचा फोन आला. “मने, उद्या तुझा संगणक चालला न्हाय तर तुझ्या जागी सोनमला घ्यावं लागंल गं. माझा नाइलाज हाय.” फोन ठेवून मनिषा रडली. वर्षभर दुसऱ्यांच्या संगणकावर सराव करून ती इथवर आली होती.

“त्यानं माल बदलला!” आबा कडाडले. “दुकानात येक दावला आन् पिशवीत दुसराच घातला. चल, भर बाजारात काढतो त्याची अब्रू!”

शनिवारी सकाळी त्यांनी तसंच केलं. दुकानाच्या दारात उभं राहून आबा ओरडले, “लबाड हाय ह्यो! खोटा माल विकतोय!” शेजारचे दुकानदार गोळा झाले. एसटीला निघालेली माणसंही थांबली. बिचाऱ्या विशालचं तोंड उतरलं. त्यानं मला उलटं करून भिंगातून बघितलं.

“माल तोच आहे. पण काड्या वाकल्यात,” तो म्हणाला. “मनिषा, बसवताना जोर लावलास ना?”

“न्हाय हो! आई शप्पथ न्हाय!”

“मग आपोआप वाकल्या? बोटानं दाबल्याशिवाय अशा होत नाहीत.”

गर्दीतून कुणीतरी हसलं, “पोरींच्या हातात कशाला द्यायची असली यंत्रं!” मनिषानं मान खाली घातली. आबा आपल्या अंगठ्याकडं बघत होते. त्यांना कळलं होतं. आता हा म्हातारा गप्प बसणार, हे मी ओळखलं. नातीवर आळ गेला तर जाऊ दे, चारचौघांत आपली अब्रू राहिली म्हणजे झालं, असाच हिशेब माणसं करतात.

“तिला बोलू नगंसा,” आबा म्हणाले. मघाशी ओरडले होते तेवढ्याच मोठ्यानं. “म्या दाबल्यात. दात बघितलं म्या त्याचं. पोरगी खरी हाय आन् विशाल, तू बी खरा हायेस. लबाड म्या म्हनलो तुला, समद्यांच्या म्होरं. चुकलं माझं.” आणि त्यांनी नातवाच्या वयाच्या विशालला हात जोडले.

विशालनं घाईघाईनं ते हात धरले. “आबा, काय करताय!” मग त्यानं बारीक पातं घेतलं आणि एकेक काडी श्वास रोखून उभी करू लागला. एक जरी तुटली असती तर मी भंगारात गेलो असतो आणि मनिषाची जागा सोनमला. भीतीनं माझा जीव अर्धा झाला. पण काड्या टिकल्या.

त्या संध्याकाळी मनिषा असं काही खेळली म्हणता! मीही जीव तोडून पळालो. खेळ संपल्यावर श्रेयाचा फोन आला, “मने, पुण्याला यायची तयारी कर!” आबा माझ्यापासून हातभर लांब, दोन्ही हात पाठीशी बांधून बसले होते. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

मित्रांनो, आम्हाला धरायचं तर कडेनं धरा, पोटाला हात लावू नका. आणि बिघाड झाला की दुसऱ्याला लबाड म्हणण्याआधी जरा आपला हात बघा. मी अजूनही संशयीच आहे. विशालवर माझा पुरता विश्वास नाही, मनिषावरही नाही. उद्या नवा प्रोसेसर निघाला की ती काय करेल, कुणी सांगावं? भरवसा आहे तो एकाच माणसाचा, ज्यानं मला वाकवलं त्याचा.