पुदिन्यात लसूण

चार वाजता ट्रायल होती आणि दीड वाजून गेला तरी दीपमालाचा एकही ग्लास धड जमला नव्हता.

काचीगुड्याचं दोन खोल्यांचं घर. ओट्यावर पुदिन्याच्या जुड्या, लिंबं, चार बत्ताया (हैदराबादेत मोसंबीला बत्ताई म्हणतात), सोड्याच्या बाटल्या, वितळत चाललेला बर्फ. आणि टॉवेलाखाली झाकून ठेवलेली पांढऱ्या रमची हाफ. ती सकाळी वाईन शॉपच्या रांगेत उभी राहून आणली, तेव्हा मागच्या दोघांनी तिला वरून खाली असं पाहिलं होतं की जणू त्यांच्या घरचीच अब्रू चालली होती. स्वतः तर देवदर्शनाला उभे होते ना!

ती खिडकीशी जायची, परत यायची, मोबाईलवर वेळ बघायची. पुदिना चुरायची, बत्ताई पिळायची, रम ओतायची, बर्फ, सोडा. मग ग्लासाकडे बघत उभी राहायची. चव घेणार कोण?

कारण दीपमाला पीत नव्हती. हिमायतनगरच्या हॉटेलात तीन वर्षं तिने लोकांपुढे भरलेले ग्लास ठेवले, रिकामे उचलले, पण बोट कधी ओलं केलं नाही. दर रविवारी विहारात दारू न पिण्याचं पाचवं शील म्हणायचं आणि सोमवारी मोडायचं, हे तिच्याने होत नव्हतं. शिवाय घरात बाबा होते. दौलत गायकवाड, रेल्वेतून रिटायर, डबे धुण्याच्या कामावर आयुष्य काढलं. अकरा वर्षं प्यायलेला माणूस. एका बुद्धपौर्णिमेला सोडली, त्याला आता चौदा वर्षं झाली होती.

बारचा सहा महिन्यांचा कोर्स तिने केला होता, पण तिथे रंगीत पाण्यावर शिकवलं. रंगीत पाणी कुणाला कडू लागतं? आता काउंटरवरची एक जागा रिकामी झाली होती. मॅनेजर कुलदीप सर म्हणाले होते, "पुदिना-लिंबाचं तुझं स्वतःचं काहीतरी करून दाखव. एकच ग्लास. जमलं तर काउंटर, नाही तर ट्रे आहेच."

नाही तर ट्रे आहेच. हे वाक्य तीन दिवस तिच्या डोक्यात माशीसारखं फिरत होतं.

बंजारा हिल्सवर कुणी घरी असा ग्लास बनवला की तो छंद असतो. काचेच्या कपाटात बाटल्या मांडून पाहुण्यांना दाखवतात. काचीगुड्यात बनवला की दारू. आणि गायकवाडांच्या घरात बनवला की सगळ्या जातीचाच उद्धार होतो. म्हणून तर तिने आई विहारात बायकांच्या बैठकीला आणि बाबा शुगर तपासायला जाईपर्यंत वाट पाहिली होती.

आणि दोन वाजता दार वाजलं.

"डाक्टर आलाच नाही," दौलत चपला काढत म्हणाले आणि उंबऱ्यातच थांबले. नाक वर झालं. "दीपा, काय करायलीस?"

टॉवेल सरकवायला वेळच मिळाला नाही. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. काउंटर, ट्रायल, कुलदीप सर, चार वाजता. दौलत ऐकत राहिले. ओरडतील असं तिला वाटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मग? झालं का चांगलं?"

"कसं कळणार? मी कुठं पिते!"

"वास घेतलास का?"

"पुदिन्याचा येतो की."

दौलत पुढे आले. ग्लास उचलला, नाकापासून वीतभर दूर धरला आणि डोळे मिटले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते हसू होतं.

"माय, यात लसूण आहे."

"काहीतरीच!"

"लसूण आहे म्हणतो ना. पुदिना कशात कुटलास?"

दीपमालाने खलबत्त्याकडे पाहिलं. काल रात्री आईने त्यातच लसणाची चटणी कुटली होती. वरून पाण्याने विसळलेला दगडी खल. त्याच्या भोकाभोकांत लसूण मुरलेला. आतापर्यंत पाच ग्लास तिने त्यातच ठेचलेल्या पुदिन्याचे केले होते आणि पुदिन्याच्या वासात तिचं नाक बधिर झालं होतं.

"हेच साहेबाला पाजलं असतंस तर भाकरी मागितली असती त्यानं," दौलत म्हणाले आणि दोघंही फसकन हसली. "अन् एवढं कुटायचं कशाला? चटणी करायची आहे का? गवताचा वास यायलाय."

तिने हात साबणाने तीनदा धुतले. नवा ग्लास घेतला. पानं तळहातावर ठेवून दुसऱ्या तळहाताने एकदाच टाळी दिल्यासारखी मारली. बत्ताईचा रस, अर्धं लिंबू, साखर, रम, बर्फ. सोडा वरून. यावेळी वास वेगळाच उठला, स्वच्छ. तिलाही कळला.

दौलतनी पुन्हा ग्लास धरला. यावेळी वीतभर नाही. चार बोटं.

"हां," ते म्हणाले. "हे झालं." पण ग्लास खाली ठेवला नाही. "फक्त गोड जास्त झालं का, ते वासावरून नाही कळत. जिभेला लावून सांगतो. नुसतं टोक."

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायला किका मारत होतं, ती चालू होत नव्हती.

आणि दीपमालाच्या मनात आलं, लावू दे. एक थेंब. चौदा वर्षांना एका थेंबाने काय होतंय? चार वाजता तिथे उभं राहायचंय ते मला. हे तिच्या मनात खरंच आलं. तिला त्यांना थांबवावंसंही वाटलं नाही. मग तिची नजर दौलतच्या गळ्याकडे गेली. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. तोंडात काही नसताना ते गिळत होते.

तिने ग्लास हिसकावला. इतक्या जोरात की अर्धा त्यांच्या शर्टावर सांडला. उरलेला मोरीत ओतला, मग आधीचे पाचही ओतले, मग हाफ उपडी केली आणि नळ सोडला.

"अगं, थोडं—"

"काय थोडं?" ती ओरडली. "काय थोडं, बाबा?"

दौलत शर्टाकडे बघत राहिले.

तेवढ्यात विहारातून आई, भागूबाई, आल्या. हातात वंदनेच्या पुस्तकाची पिशवी. दारातूनच पदर नाकाला लावला.

"मोरीत काय मेलंय?" मग शर्ट दिसला, रिकामी बाटली दिसली. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "कुणी?"

"कुणीच नाही," दीपमाला म्हणाली. "मी बनवत होते. नोकरीसाठी."

"पाचवं शील तोंडाने म्हणायचं अन् जगाला पाजायचं?"

"ग्लास उचलत होते तेव्हा शील नाही आठवलं कुणाला! माझ्या पगारावर विहाराचा पंखा आला, त्याचा वारा गोड लागतो ना?"

भागूबाईंनी पिशवी खाली ठेवली. दौलतजवळ गेल्या, नवऱ्याचं तोंड हुंगलं, जसं त्या पूर्वी रोज हुंगायच्या. मग खाली बसल्या.

दौलतनी शर्ट बदलला. चप्पल घातली.

"मी हिच्याबरोबर जातो," ते म्हणाले. "घरात वास आहे. मला इथं ठेवू नका."

बसमध्ये बाप-लेक एक शब्द बोलले नाहीत. हॉटेलच्या समोर चहाची टपरी होती, तिथे दौलत बसले.

आत काउंटरवर कुलदीप सरांनी फॉर्म पाहिला. "गायकवाड. म्हणजे कुठले?"

"काचीगुड्याचे."

"तसं नाही, मूळ कुठले? आमचेही पाहुणे आहेत गायकवाड."

"मी नाही त्यातली. बर्फ कुठे आहे, सर?"

तिने पानांना एक टाळी मारली. बत्ताई, लिंबू, रम घातली; साखर घरच्यापेक्षा अर्धीच, अंदाजाने. ग्लास नाकाशी धरला, मग पुढे सरकवला.

"तू टेस्ट कर आधी."

"मी पीत नाही."

सर हसले. "अगं, मग गिऱ्हाइकाला काय सांगू? आमची बारटेंडर पीत नाही?"

"सांगा, शुद्धीवर असते."

सरांनी घोट घेतला. दुसरा घेतला. तिसरा घेतला तेव्हा हसू थांबलं होतं. "सोमवारपासून काउंटरला ये," ते म्हणाले. "महिनाभर बघू."

ती बाहेर आली. दौलतच्या समोर चहाचे चार रिकामे ग्लास होते.

"जमलं?"

"जमलं."

तिने त्यांना उठवायला हात पुढे केला. तिच्या बोटांना पुदिना होता, बत्ताई होती, रमही होती. दौलत मागे सरकले, टपरीचा खांब धरून स्वतःच उठले.

"लांबून चल," ते म्हणाले. "घरी गेल्यावर हात धू. मग धरतो."