एकेरी टाका

मित्रांनो, तुमचा वाढदिवस वर्षातून एकदा येतो. माझा जन्म मात्र एकेका दुपारी दहा-बारा वेळा होतो, आणि तरीही आजवर कुणी मला केक कापू दिलेला नाही. माझी तक्रार नाही. मी एक जुनी कापडी बाहुली आहे. परिचारिका आणि सुईण अशी दोन्ही कामे एकाच पदवीत शिकवणाऱ्या एका महाविद्यालयात, तळमजल्यावरच्या सरावाच्या खोलीत माझा मुक्काम असतो. बाळंतपण कसे करायचे हे इथल्या मुली आधी माझ्यावर शिकतात. माझ्यावर चुका करून झाल्या की मगच त्यांना खऱ्या बाळाला हात लावायला मिळतो.

मला शिवले ते सुईणकाम शिकवणाऱ्या बाईंनी. जुन्या चादरीचे अंग, डोक्यात ठासून भरलेला कापूस आणि पाठीत वाळूची पुरचुंडी. वजन बरोबर तीन किलो भरावे म्हणून त्यांनी मला दोनदा तराजूत घालून वाळू काढली. टाळूच्या जागी कापूस मुद्दाम मऊ ठेवला. तीन पट्ट्यांची वेणी घालून नाळ केली आणि ती बेंबीला प्रेस बटणाने लावली. डोळे काढताना त्यांचा हात जरा हलला, म्हणून माझा एक डोळा कायम चकित झालेला दिसतो. दिवसातून इतक्या वेळा जगात येणारीला तो शोभूनही दिसतो.

माझी खरी खुबी आहे ती मानेत. माझी मान एकेरी धाग्याने टाचलेली असते. जरा हिसका बसला की टाका तुटतो आणि डोके एका बाजूला लटकते. आतून एक नाडी आहे म्हणून ते गळून पडत नाही, एवढेच. त्याचे कारण असे. बाळाचे डोके बाहेर आले की पुढची कळ येईपर्यंत थांबायचे असते. डोके आपणहून कुशीला वळते आणि मग खांदे येतात. तेवढा धीर न धरता कुणी ओढले तर मानेतल्या नसा दुखावतात आणि बाळाचा हात लुळा पडू शकतो. बाई दरवर्षी नव्या वर्गाला सांगत, "हिचा टाका तुटला की एका बाळाचा हात गेला असं धरा. येणाऱ्याला ओढायचं नसतं. ते येतंच. आपण फक्त त्याला पडू द्यायचं नाही."

अशी कितीतरी वर्षे गेली. माझी मान कितीदा तुटली आणि कितीदा शिवली गेली, याचा मी हिशेब ठेवला नाही. मुली मला 'बाळ' म्हणत, कडेवर घेऊन फोटो काढत. मी खुशीत होते.

मग तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी आली. तिला सगळे फटाफट म्हणत. सकाळी वॉर्डात तिचे नाव निघायचे ते कौतुकानेच. चादरीचे कोपरे असे की बघत राहावे, इंजेक्शन असे की रोग्याने विचारावे, "दिलंत का?" दुपारी माझ्या खोलीत आली की मात्र सगळी गडबड व्हायची. पहिल्याच दिवशी सरावाच्या प्लॅस्टिकच्या कंबरेतून माझे डोके दिसताच तिने मला धरले आणि मुळा उपटावा तसे बाहेर काढले.

"झालं, बाई. सगळ्यांत आधी माझं," ती म्हणाली.

 बाईंनी मला उचलून वर्गापुढे धरले. माझे डोके लटकत होते. वर्ग हसला. फटाफटही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

वर्षअखेरीच्या परीक्षेतही तेच झाले. बाईंनी तिला माझ्या टेबलापाशीच बोलावून घेतले. "नर्सिंगमध्ये तू पहिली आहेस," त्या म्हणाल्या. "पण या विषयाची परीक्षा आता एकदाच देता येईल, सहा आठवड्यांनी. ती गेली तर नर्स होशील, सुईण नाही. पदवी अर्धीच राहील."

बाई गेल्यावर फटाफट तिथेच बसून राहिली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हो गं आई, छान चाललंय सगळं," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिने माझ्याच चादरीला डोळे पुसले. ही मुलगी इथे आली होती ती बाळांसाठी. बाकी सगळे तिला सहज जमत होते, आणि जे हवे होते तेच हातचे निसटत होते. मला तिचा राग आला नाही. मला तिची फार काळजी वाटली.

त्याच आठवड्यात खोलीत एक नवे बाळ आले. विजेवर चालणारे. ते रडे, श्वास घेई, निळे पडे आणि पुन्हा गुलाबी होई. कुणी जास्त ओढले की शिट्टी वाजवी. त्याच्यापुढे माझी काय मातब्बरी? खोलीची झाडलोट बघणाऱ्या मामांनी मला उचलले, फुंकर घालून माझी धूळ झटकली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर बँडेजच्या गठ्ठ्यामागे ठेवून दिले. "आता आराम कर, बाई," ते म्हणाले. आराम मला कधीच मानवला नाही. नव्या बाळाचा मला हेवा वाटला, हे मी लपवत नाही. मात्र ते रडायचे फार गोड.

फळीवरून मला फटाफटचा सराव दिसायचा. ती ओढायची, शिट्टी वाजायची, ती थांबायची. पुन्हा ओढायची, पुन्हा शिट्टी. तिच्याबरोबर तिची वसतिगृहातल्या खोलीतली मैत्रीण असे. तिला सगळे आजीबाई म्हणत, कारण ती कोमट पाणी प्यायची आणि कुठलेही काम निवांत करायची. तिला एक खाट करायला लागे तेवढ्या वेळात फटाफट चार करून मोकळी होई.

"खऱ्या बाळाला शिट्टी नसते हं," एक दिवस आजीबाई म्हणाली.

 फटाफटने स्टूल ओढले, त्यावर चढली आणि मला खाली काढले. मामांकडून सुई-दोरा मागून तिने स्वतः माझी मान टाचली. टाके वाकडेतिकडे होते, पण धागा एकेरीच होता.

रोज जेवणाच्या सुट्टीत दोघी माझ्याकडे येऊ लागल्या. आजीबाई प्लॅस्टिकचे कंबरेचे मॉडेल मांडीवर धरून बाळंतीण व्हायची आणि मला मागून हळूहळू पुढे ढकलायची. टाका तुटायचा. फटाफट पुन्हा टाचायची. मामा म्हणायचे, "पोरी, माझ्या शर्टाचं बटण लावण्यापुरता तरी दोरा शिल्लक ठेव." अठ्ठावीस वेळा टाका तुटला. हे मात्र मी मोजले होते.

"कसली घाई असते गं तुला?" आजीबाईने एकदा विचारले.

"घाई नाही गं. हात नुसते ठेवले ना, की वाटतं आपण कामचुकारपणा करतोय. वॉर्डात जरा उभी राहिले तर सिस्टर लगेच विचारतात, काय करतेस उभी राहून?"

आजीबाईने सावकाश विचार केला. "मग हातांऐवजी तोंड चालव. ते तर तुझं चालतंच. बाळंतिणीशी बोल."

पुढच्या वेळी माझे डोके बाहेर आले तेव्हा फटाफटने तळवा खाली धरला आणि बोलायला लागली. "छान चाललंय ताई. डोकं आलं बरं का. आता जोर नका करू, हलके हलके श्वास घ्या."

"मला पाणी पाहिजे," आजीबाई कण्हत म्हणाली. "कोमट."

"देते हं ताई. आधी पाहुणा येऊ दे."

दोघी हसल्या, आणि त्या हसण्यात फटाफटचे हात थांबले. आजीबाईने मला कुशीला वळवले. खांदे आले. मी तिच्या हातांत अलगद उतरले. टाका शाबूत होता. त्या दोघींपेक्षा मलाच जास्त आनंद झाला असेल, पण माझा चेहरा तसाही चकितच असतो, त्यामुळे कुणाला कळले नाही.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी नव्या बाळाची पिन काढली आणि मला टेबलावर ठेवले. मग सुई आणि दोऱ्याचे रीळ फटाफटच्या हातात दिले. "मान तूच टाच," एवढे म्हणून त्या खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

मित्रांनो, धागा दुहेरी घेतला असता तर तो तुटलाच नसता. बाई पाठमोऱ्या होत्या आणि मी काही बोलू शकत नाही. फटाफटने दोरा ओवला. दोन्ही टोके हातात धरून ती क्षणभर थांबली. मग तिने एकाच टोकाला गाठ मारली.

परीक्षा सुरू झाली. बाळंतीण आजीबाईच होती. माझे डोके बाहेर आले. तिचा गरम तळवा माझ्या गालाखाली होता. ती बाळंतिणीशी बोलत राहिली. मी कुशीला वळले, खांदे आले, आणि तिने मला उचलून बाळंतिणीच्या छातीशी ठेवले. बाई पुढे आल्या. त्यांनी माझ्या मानेवरून बोट फिरवले, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. टाका जागच्या जागी होता. दुहेरी तर नाही ना, हेही त्यांनी नखाने पाहिले.

"जा," त्या म्हणाल्या, "आईला फोन कर."

काही आठवड्यांनी फटाफट सकाळच्याच गणवेशात धावत माझ्याकडे आली. त्या दिवशी तिच्या हातांत पहिले खरे बाळ आले होते. डोके आल्यावर ती तळवा धरून उभी होती, तेव्हा वॉर्डच्या सिस्टर मागून म्हणाल्या, "काय करतेस उभी राहून?"

"वाट बघतेय, सिस्टर," ती म्हणाली होती.

 बाळाचे दोन्ही हात जोरजोरात हलत होते, असे तिने मला दोनदा सांगितले.

आता मी पुन्हा टेबलावर असते, नव्या बाळाच्या शेजारी. ते रडायला शिकवते, मी थांबायला. फटाफटचा तो टाका परवा एका नव्या मुलीने तोडला. वाईट वाटले, पण त्याचसाठी तर तो असतो. बाईंनी पुन्हा सुई-दोरा काढला आहे.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. कधी या खोलीत आलात आणि मला उचललेत, तर एक हात माझ्या मानेखाली असू द्या. मी कापडाची आहे, मला दुखत नाही. पण तुमच्या हाताला सवय लागेल.