पत्ता बरोबर आहे

झगा परत आला तेव्हा तिने आधी कुरियरवाल्यालाच फैलावर घेतलं.

"अहो, तुम्हीच तर नेला होता हा!"

"नेणारा मी, आणणारा मी. मधल्या भानगडीत मी नाही, वहिनी. वर लिहिलंय बघा काय ते." पाकिटावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवून तो जिना उतरलासुद्धा.

चिठ्ठीवर छापलं होतं, 'घेणाऱ्याने नाकारले.' पाकीट उघडलेलंही नव्हतं. तिने लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी.

ठमी झाल्यावर तिची बाहेरची नोकरी सुटली आणि मागच्या खोलीत शिलाई मशीन आलं. लहान मुलांचे रात्री घालायचे झगे शिवायचे, मऊ कापडाचे, मोठ्या खिशांचे, आणि फोनवरच्या बाजारात विकायचे. कापड बेतायचं जेवणाच्या टेबलावर, म्हणजे दोन जेवणांच्या मधे. मशीन चालवायचं ते ठमी झोपली की. सासूबाई लोंबणारे दोरे कापायच्या, घड्या घालायच्या आणि मधूनमधून टोमणे मारायच्या. घर त्यावर चालत नव्हतं, पण तिचं मन त्यावर चालत होतं. नवऱ्यालाही ते माहीत होतं, म्हणून तो जेवताना झग्यांच्या चिंध्या मुकाट्याने बाजूला सारायचा.

आता या बाजाराचा नियम असा, की घेणाऱ्याने माल नाकारला तर परतीच्या टपालाचा खर्च विकणाऱ्याच्या माथी, आणि वर दुकानाला काळा शेरा. पत्ताच चुकीचा निघाला तर मात्र तो खर्च गिऱ्हाइकाच्या माथी. त्यासाठी गिऱ्हाइकाने फोनवर 'पत्ता चुकीचा होता' या ओळीपुढे खूण करायची, की झालं.

तिला वाटलं, पत्त्याचाच घोळ असणार. नाहीतर मुलाबाळांचं पाकीट दारातून कोण परत पाठवतं? तिने निरोप धाडला. 'आपले पार्सल परत आले आहे. कृपया पत्ता चुकीचा असल्याची खूण करावी.'

उत्तर लगेच आलं. 'पत्ता बरोबर आहे, ताई. परतीच्या टपालाचे पैसे मी तुम्हाला वेगळे देते. पण पत्ता बरोबर आहे.'

'वेगळे देऊन शेरा जात नाही. खूण करावी लागेल.'

'पत्ता बरोबर आहे.'

"काय म्हणतेय?" सासूबाईंनी कात्री थांबवून विचारलं.

"एकच पालुपद. पत्ता बरोबर आहे म्हणे."

"मग फोन कर की. टाइप करून कधी भांडण होतं का? आवाज चढवता येत नाही त्यात."

ठमीचा डोळा लागल्यावर तिने फोन लावला. भांडायची पूर्ण तयारी करून. गिऱ्हाईकबाईंचा आवाज मात्र इतका हळू होता, की तिलाही आपला आवाज खाली आणावा लागला.

"तुमचा राग बरोबर आहे, ताई," बाई म्हणाल्या. "पण मी ती खूण कशी करू? माझी मुलगी राहते त्या पत्त्यावर. मी स्वतः सात वर्षं राहिलेय तिथं."

"मग नाकारलं कोणी?"

"तिच्या आजीने असेल. नाहीतर तिच्या वडिलांनी. पाकिटावर 'आईकडून' असं लिहायला सांगितलं होतं ना मी तुम्हाला, तेच बाधलं असेल."

मग थोडं थोडं करत बाईंनी सांगितलं. दुसरं बाळ जन्मलं आणि गेलं. त्यानंतर त्या नुसत्या भिंतीकडे बघत बसायच्या. दूध उतू गेलं तरी उठायच्या नाहीत, थोरली रडली तरी उठायच्या नाहीत. घरच्यांनी चार दिवस विश्रांतीला म्हणून माहेरी पाठवलं आणि परत बोलावलंच नाही. औषधं झाली, बऱ्या झाल्या, नोकरीला लागल्या. पण तिकडे गेलं की दारातूनच ऐकवतात, मुलगी आता रुळलीय, तिला पुन्हा हलवू नकोस.

"त्यांचंही खोटं नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हा पोर माझा पदर ओढत होती आणि मला कळत नव्हतं. पण आता कळतंय ना."

तिने मान वळवली. पलीकडच्या खोलीत ठमी झोपेत कूस बदलत होती, पाळण्याबाहेर आलेला पाय तिला दारातून दिसत होता. ठमी तीन महिन्यांची असताना तिलाही काही दिवस तसेच गेले होते. उन्हं भिंतीवरून सरकताना बघत. फक्त तिच्या सासूबाईंनी तिला माहेरी पाठवलं नव्हतं. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवला होता आणि तिच्या मांडीवर निवडायला काहीतरी आणून ठेवत राहिल्या होत्या.

"पुन्हा पाठवू या का?" तिच्या तोंडून निघून गेलं. "वर तुमचं नाव नको. नुसतं दुकानाचं."

"मग तिला कळणार कसं?"

"आतून शिवते. खिशात. हात घातला की बोटांना लागेल असं."

"डाव्या खिशात शिवा हं," बाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा वर आला. "डावखुरी आहे ती. चमचा उजव्या हातात दिला की माझ्याकडे अशी बघायची, जशी काही मीच वेडी!" आणि त्या हसल्या. हसता हसता थांबल्या.

"माप तेच ठेवू?"

"नको, ताई, ते मी जुन्या आठवणीवरून दिलं होतं. मागच्या खेपेला लांबून बघितली, तेव्हा फाटकाच्या वरून दुसऱ्या दांडीला तिचं डोकं लागत होतं. ते फाटक माझ्या खांद्याएवढं. वरून दुसरी दांडी म्हणजे... तुम्हीच काढा अंदाज."

तिने अंदाज काढला. जुना झगा बाजूला ठेवून नवा बेतला, खाली चांगली चार बोटं कापड आत दुमडून, म्हणजे पोर वाढली की उसवून लांब करता येईल. डाव्या खिशाच्या आत जाड दोऱ्याने 'आईकडून' असं भरलं. सासूबाईंनी खिशात बोटं घालून बघितली आणि म्हणाल्या, "काना नीट लागत नाही. आई आहे ती, 'अई' नव्हे. तिचा काना कशाला चोरतेस?" तिने उसवून पुन्हा भरला.

पाकीट गेलं. फोनवर ते कुठवर पोचलं ते दिसत राहायचं, आणि ती पोळ्या लाटता लाटता पिठाच्या बोटाने बघत राहायची. 'निघाले.' 'शहरात पोचले.' 'वाटपासाठी बाहेर.' त्या दिवशी बाईही बघत असणार, हे तिला न सांगता कळत होतं.

संध्याकाळी अक्षरं बदलली. 'घेणाऱ्याने नाकारले.'

आता नाव नव्हतं, काही नव्हतं. तिच्या दुकानाचं नाव एकदा दारात वाचलं गेलं होतं, तेवढं त्यांना पुरलं असावं.

पाकीट परत यायच्या आधीच दुसऱ्या सकाळी तिच्या दुकानाला कुलूप लागलं. फोनवर लाल पट्टी: 'एकाच पत्त्यावरून पुन्हा नकार. खरेदीदाराने कारण नोंदवेपर्यंत आपले दुकान बंद ठेवण्यात येत आहे.' मदतकेंद्राला फोन केला तर तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, खरेदीदाराने पत्ता चुकीचा असल्याची खूण केली की लगेच उघडेल." पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच, तितक्याच गोड आवाजात.

"माझ्याहून खाष्ट सासू मिळालीय तुला त्या फोनात," सासूबाई म्हणाल्या.

नवरा कामावरून आला, त्याने ऐकून घेतलं. "सांग ना त्या बाईंना. एक खूण तर करायचीय. पत्ता काय त्याने खरंच चुकीचा होतोय?"

"नाही होत."

"मग?"

"मग तू सांग त्यांना. मला जमत नाही."

त्याने फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

मशीनवर तिने चादर टाकली. बेतून ठेवलेले तुकडे तसेच पडून. ठमीला फिरायला नेलं, डब्यांची फडताळं पुसली, जे पुसलेलं होतं ते पुन्हा पुसलं. बाईंना तिने काहीच कळवलं नव्हतं. पार्सल परत आलं एवढं त्यांना फोनवर दिसलंच असणार. दुकानाचं कशाला सांगायचं?

पण एका दुपारी बाईंचाच फोन आला.

"ताई, तुमच्या दुकानात गेले होते. फोनवर. तर बंद दिसलं."

"असंच. कापड संपलंय जरा."

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला. मी मदतकेंद्राला विचारलं. मी खूण केलीय."

ती उठून उभी राहिली. "का केली? मी सांगितलं होतं का तुम्हाला?"

"तुम्ही नाही सांगितलंत, म्हणूनच केली."

"अहो पण..."

"करताना काही नाही वाटलं. नुसतं एक बोट टेकवायचं. पण खूण केल्याबरोबर तो पत्ता माझ्या यादीतून पुसला गेला. मी पुन्हा भरायला गेले. घर, गल्ली, सगळं. तर घेतच नाही, ताई. म्हणतं, हा पत्ता चुकीचा आहे. तीनदा भरला. मला म्हणतं, कृपया तपासून पाहा."

पलीकडच्या खोलीत सासूबाईंच्या कात्रीचा आवाज थांबला होता.

"झगा तुमच्याकडे पाठवू का?" तिने विचारलं. "तुमच्या घरी?"

"नको. इथं आला तर मी तो रोज उशाला घेऊन झोपेन, आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसायची. ते नको मला. मोठ्या कष्टाने उठलेय." बाईंनी नाक ओढलं. "तुम्ही एक करा. तो कुणा दुसऱ्या पोरीला द्या. आणि मला एक मोठा शिवून ठेवा. ती स्वतः दार उघडेल ना, कुणाला न विचारता, तेवढी होईल तेव्हाच्या मापाचा. मग टपाल नको नि काही नको. मीच घेऊन जाईन."

"बरं," ती म्हणाली. "डावा खिसा?"

"डावाच."

फोन ठेवला. थोड्या वेळाने टिंगटिंग वाजलं, दुकान उघडल्याचं. कुणीतरी दोन झगे मागवलेही होते. तिने ते बघितलं न बघितल्यासारखं केलं, मोजपट्टी घेतली आणि बाहेरच्या दाराशी गेली. दाराची कडी वर होती. पट्टीचं एक टोक पायाखाली धरून तिने दुसरं कडीपर्यंत नेलं. तिथून पोरीच्या हाताची लांबी वजा केली की खांदा, आणि खांद्यापासून खाली झगा. सोपा हिशेब, पण पट्टीवरचे आकडे डोळ्यांपुढे पोहायला लागले. तिने पट्टी सोडली, पुन्हा धरली.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी, भिंती काही जाड नव्हत्या. टोमणा येईल म्हणून ती वाट बघत राहिली.

सासूबाईंनी तिच्या हातातलं पट्टीचं टोक घेतलं, कडीला नीट टेकवलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरं टाचा उचलतात गं. तेवढं कमी धर."